शलाकेचं घड्याळ

कर्नल यशोधन शितोळे यांनी आयुष्यात ‘बहुतेक’ हा शब्द कधी वापरला नाही, असं त्यांची मुलगी ऋजुता सांगायची. आणि तेही कौतुकानं नव्हे. गाडी वेळेवर येईल का, असं त्यांना विचारलं तर ते म्हणत, “अजून आलेली नाही.” त्यापुढे एक अक्षर नाही.

बावीस वर्षं ते सैन्याच्या सिग्नल दलात होते आणि नंतरची पंचवीस वर्षं शलाका या अंतराळमोहिमेचे प्रवक्ते. दोन महिन्यांपूर्वी, साताऱ्याच्या एका इस्पितळात, सकाळी नऊच्या सुमारास ते गेले. बाहेर बाकावर आई बसली होती. ऋजुता तिच्यासमोर उकिडवी बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, “आई, बाबा गेले.” आढेवेढे नाहीत, प्रस्तावना नाही. असं सांगणं हा तिच्या कामाचाच भाग होता. ती श्रवणतज्ज्ञ होती. आवाजबंद खोलीत लहान मुलांना बसवून त्यांचे कान तपासायचे आणि बाहेर येऊन आईबापांना सांगायचं, की तुमच्या मुलाला ऐकू येत नाही. हे कसं सांगावं यावर ऋजुतानं पुष्कळ वाचलं होतं. शेवटी तिचं मत झालं होतं की सरळ सांगावं.

डॉ. शर्वाणी केळुसकर तिच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा ऋजुताला वाटलं, त्या भेटायला आल्यात. केळुसकर शलाका मोहिमेच्या संचालक होत्या. त्यांनी पर्समधून एक जुनं, लाखेची मोहर फोडलेलं पाकीट काढलं.

“आमच्याकडे एक रीत आहे,” त्या म्हणाल्या. “मोहीम पंचवीस वर्षांची. इतकी वर्षं एका खुर्चीत एकच माणूस टिकत नाही. म्हणून उड्डाणाच्या दिवशी प्रत्येकानं पुढचं नाव लिहून ठेवायचं. आपल्यानंतर या खुर्चीत कोण, ते. मीच माझ्या खुर्चीतली तिसरी आहे. कर्नलसाहेबांचं पाकीट उघडायची वेळ पंचवीस वर्षांत आलीच नाही. दोन महिने खुर्ची रिकामीच ठेवली. काल ते उघडलं.”

आत एक छापील फॉर्म होता. बाबांचं ठसठशीत, उभं अक्षर. ‘पुढचं नाव: कु. ऋजुता यशोधन शितोळे. वय ९. इयत्ता चौथी.’ आणि खाली, निवडीचं कारण: ‘सांगितलेलं परत सांगते.’

ऋजुतानं तो कागद दोनदा वाचला.

ती घरातली पद्धत होती, सिग्नल दलातून आलेली. निरोप मिळाला म्हणजे तो पोचला असं होत नाही. ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवला की मग पोचला. “सहाला दूध आणायचं.” “सहाला दूध. समजलं.” ऋजुता तीन वर्षांची असल्यापासून असं बोलत होती. आई मात्र या घरात लग्न होऊन आली तरी कधी बधली नाही. “मी माणसासारखं ‘बरं’ म्हणेन,” ती म्हणायची.

“हे काय आहे?” ऋजुता म्हणाली. “चौथीतल्या मुलीचं नाव?”

“नियमात लिहिलं होतं, पंचवीस वर्षांनी जी व्यक्ती नक्की कामाची असेल तिचं नाव द्या. बाकीच्यांनी आपापल्या हाताखालच्यांची दिली. कर्नलसाहेबांनी नियम शब्दशः घेतला.” केळुसकर किंचित हसल्या आणि लगेच थांबल्या. “पुढच्या सोमवारी ऐकण्याची शेवटची बैठक आहे. शलाकेनं बोलायची ठरलेली वेळ. दुपारी बाराला ऐकायच्या अँटेना-तबकड्या चंद्रावरच्या तळाच्या कामाला जाणार. पण नियमानं प्रवक्त्यानं जाहीर केल्याशिवाय मोहीम संपत नाही. आणि आमच्यापैकी कुणाच्या तोंडून ते निघत नाहीये.”

“ती बोलायची शक्यता किती आहे?”

“शंभरात दोन.”

“मग सांगायचं काय असतं त्यात?” ऋजुता म्हणाली. “मी रोजच सांगते.”

पण घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की आपण होकार दिलेला आहे.

शलाका म्हणजे काय, हे ऋजुताला बाबांनी चौथीतच समजावून दिलं होतं. सूर्य हे एक भिंग आहे. त्याच्या कडेनं जाणारा प्रकाश त्याच्या ओढीनं वाकतो. पण इतका जरासा, की वाकलेले किरण एकत्र यायला पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेपाचशे पट लांब जावं लागतं. तिथे जो पोचेल आणि मागे वळून सूर्याकडे बघेल, त्याला सूर्याभोवती प्रकाशाचं एक बारीक कडं दिसेल. ते कडं म्हणजे सूर्याच्या बरोबर पलीकडे, दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह. वितळवून, ताणून, गोल केलेला. त्या ग्रहाच्या दहा किलोमीटरच्या तुकड्याचा एक ठिपका. शलाका किंचित सरकली की शेजारचा ठिपका. रांगोळीसारखे ठिपके मांडत गेलं, की काही वर्षांत एका परक्या जगाचं चित्र उभं राहील, किनारे आणि ढगांसकट. जगात कुठेही कितीही मोठी दुर्बीण बांधली तरी हे दिसणार नव्हतं. तिथे जायलाच हवं होतं.

आणि गेली कोण, तर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ एक शीड आणि त्याला लटकलेली पेटी. सूर्याच्या अगदी जवळून गेली, उन्हाचा रेटा घेतला आणि निघाली. चौदा वर्षं ती व्यवस्थित बोलत होती. मग एका मंगळवारी तिच्या नोंदींमध्ये एक बारीक हादरा दिसला, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा. आणि त्यानंतर काही नाही. धुळीच्या कणानं तिचे तुकडे केले असतील, किंवा पृथ्वीचा आवाज हरवला म्हणून नियमाप्रमाणे ती सगळं बंद करून झोपली असेल. इथून दोन्हीचा आवाज सारखाच होता.

झोपली असेल, तर मुक्कामाला पोचल्यावर, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी ती पृथ्वीकडे तोंड करून बोलणार होती. समोरचं काही ऐकू येवो न येवो. हा नियम बाबांनी हट्टानं घालायला लावला होता. सिग्नल दलात तसंच करतात. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसेल, असं धरायचं नाही.

तेव्हापासून अकरा वर्षं, दर सोमवारी सकाळी दहाला, बाबा मायक्रोफोनसमोर बसून दोन शब्द वाचत. “संपर्क नाही.” तेच दोन शब्द शलाकेच्या दिशेनंही पाठवले जात. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात त्यांची नक्कल व्हायला लागली. ऋजुताच्या कॉलेजात एकानं तिला ‘संपर्क नाही’ असं नावच पाडलं होतं. आई शलाकेला आधीपासूनच सवत म्हणायची, आता म्हणायला लागली, “सवत गेली ती गेली, नवऱ्याला घेऊन गेली.”

एकदाच ऋजुता त्यांच्यावर चिडली होती. नवी नवी नोकरी होती. “बाबा, मी रोज आईबापांना सांगते. सांगितल्याशिवाय पुढचं काही सुरूच होत नाही. यंत्र लावायचं, खुणा शिकवायच्या, काहीच नाही. तुम्ही सांगत नाही म्हणून तिथे सगळे अडकून पडलेत. ती गेलीय. म्हणा एकदा.”

बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली. “सांगितल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही,” त्यांनी परत म्हटलं. “समजलं.”

आणि पुढच्या सोमवारी म्हणाले, “संपर्क नाही.”

*

माण तालुक्यातल्या त्या माळावर नऊ तबकड्या ओळीनं उभ्या होत्या. कुसळी गवत, मेंढ्यांचा एक कळप आणि मधेच या पांढऱ्या, आभाळाकडे तोंड केलेल्या परातींची रांग. ऋजुता गाडीतून उतरली आणि तिथेच क्षणभर थबकली. लहानपणी ती इथे आली होती तेव्हा तिला त्या मोठ्या वाटल्या होत्या. आता त्याहून मोठ्या वाटल्या.

दारात खरातमामा उभे होते. सदुसष्ट वर्षांचे, कानांवर मफलर. सिग्नल दलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा बाबांनी त्यांना इथे आणलं. नोकरी कागदोपत्री कधीच संपली होती. पण दर सोमवारी ते येऊन कानाला यंत्र लावून बसत.

“या ताई. च्या घ्या आधी. सायबांच्या खुर्चीला मी कुणाला हात लावू दिला न्हाई.”

“मामा, मी काय सांगायला आलेय ते माहितीय ना?”

“हां. मेली म्हणून सांगायला.” त्यांनी कप पुढे केला. “माझं बी एकदा तेरावं झालंय. जेवण चांगलं झालतं म्हणत्यात.”

ऋजुतानं ही गोष्ट अर्धवट ऐकली होती; बाबांनी ती कधी सांगितली नव्हती.

“सायेब तवा कॅप्टन. आमची गस्त बर्फाखाली गेली. सहा दिस आवाज न्हाई. सायेब सुट्टीवर साताऱ्याला निघालेले. तारेनं कळण्यापेक्षा माणसानं सांगावं, म्हणून स्वतः माझ्या घरी गेलं. चांगल्या मनानं गेलं, बरं का. मंडळीनं बांगड्या फोडल्या. आणि मी एकोणिसाव्या दिवशी लंगडत तळावर हजर.” खरातमामा हसले. “घरी गेलो तर बायको किंचाळली. आजून बी ती बांगड्या भरताना माझ्याकडं एकदा बघती. सायेब पुढं दरसाली यायचं घरी. माफी मागायचं न्हाईत. नुसतं बसायचं.”

चहा निवला होता. ऋजुतानं तो तसाच संपवला.

साडेसातला बैठक सुरू झाली. काचेपलीकडे सातआठ माणसं पडद्यांसमोर बसली होती. केळुसकर म्हणाल्या, “शलाका बोलली असेल तर ती तीन दिवस चार तासांपूर्वीच बोलली. प्रकाशाला तिथून इथे यायला तेवढा वेळ लागतो. आपण काही केल्यानं आता ते बदलत नाही.”

ऋजुतानं हिशेब केला. शुक्रवार पहाट. ती तेव्हा झोपेत होती. आणि तो शब्द, असलाच, तर तेव्हापासून वाटेवर होता. ती घरातून निघाली, घाट चढली, चहा प्यायली, तेवढ्या सगळ्या वेळात कुठल्याही ताऱ्याशिवायच्या त्या काळोखातून तो तिच्याकडेच येत होता. किंवा काहीच येत नव्हतं.

साडेसात वाजून गेले. आठ. नऊ. दहाला तिला बाबांची आठवण झाली नाही. दहा वाजून एक मिनिटानं झाली. अकराला केळुसकरांनी टेबलावर एक कागद ठेवला. ‘शलाका मोहीम आज समाप्त झाली आहे.’ खाली प्रवक्त्याच्या सहीची जागा.

“साडेअकराला वाचू या,” केळुसकर म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. “चार तास दिले. तिचं घड्याळ एवढं चुकणार नाही.”

ऋजुतानं कागद हातात घेतला. वाक्य स्वच्छ होतं. तिच्याच पद्धतीचं.

“कुठलं घड्याळ?” तिनं विचारलं.

“शलाकेचं.”

“आमच्या घरी,” ऋजुता सावकाश म्हणाली, “बाबांच्या खोलीत दोन घड्याळं होती. एक आपलं. दुसरं साडेपाच तास मागे. आई त्याला सवतीचं घड्याळ म्हणायची. सकाळी उठल्यावर बाबा आधी ते बघायचे.”

“बरोबर. यानावर जागतिक वेळ असते. ग्रीनिचची.”

“मग साडेसात ही वेळ कुठल्या घड्याळानं?”

केळुसकरांनी मूळ आराखडा मागवला. पंचवीस वर्षांपूर्वीचं पान पडद्यावर आलं. त्या पानावरही तेच उभं अक्षर होतं. ‘संपर्क तुटल्यास: मुक्कामाच्या तारखेला, आवाज तबकड्यांपर्यंत ०७३० वाजता पोचेल अशा बेताने, स्वतःहून बोलणे.’ पुढे काही नाही.

“कर्नलसाहेबांनी लिहिलंय म्हणजे आपली वेळ,” केळुसकर म्हणाल्या. “ते सैन्यातले. आम्ही तसंच धरलं.”

“आणि ज्यानं हे शलाकेच्या पेटीत भरलं, त्यानं काय धरलं?”

तो माणूस वारून नऊ वर्षं झाली होती. त्याच्यानंतरच्या दोघांनी जुनं पान बघितलंही नव्हतं. त्यांच्या हातात एक तयार यादी आली होती आणि त्या यादीत साडेसात असं लिहिलेलं होतं.

“इंजिनियरनं काय धरायचं?” काचेपलीकडचा एक तरुण पुटपुटला. “यानाची वेळ यानाच्या घड्याळानंच असणार. म्हणजे आपली दुपारी एक.”

“कुणी परत म्हणून दाखवलं नाही,” ऋजुता म्हणाली.

‘बहुतेक’ न म्हणणाऱ्या माणसानं, उभ्या आयुष्यात सगळ्यांकडून निरोप परत म्हणवून घेणाऱ्या माणसानं, हा एक निरोप नुसताच लिहून दिला होता. आणि आपलं घड्याळ ते सगळ्यांचं घड्याळ असं धरलं होतं. भिंतीवर दुसरं घड्याळ लावायची अक्कल त्यांना नंतर आली असणार. तिला त्यांचा राग यायला हवा होता. त्याऐवजी, दोन महिन्यांत पहिल्यांदा, ते तिला अगदी जवळ, हाताच्या अंतरावर असल्यासारखे वाटले.

“पण बाराला तबकड्या वळणार,” केळुसकर म्हणाल्या. “वरून आदेश आहे. आणि ही नुसती शंका आहे, ऋजुता. शंभरात दोनचे फार तर चार झाले.”

“मी जाहीर केल्याशिवाय मोहीम संपत नाही ना?”

“नाही.”

“आणि मोहीम संपल्याशिवाय तबकड्या वळत नाहीत.”

“मंत्रालयातून फोन येईल.”

“येऊ दे.”

साडेअकराला लाल दिवा लागला. बाहेरच्या जगात फारसं कुणी ऐकत नसेल. पण साताऱ्याला आई ऐकत असणार, हे तिला ठाऊक होतं. समोर समाप्तीचा कागद होता. रोज ज्यांच्यासमोर ती बसायची त्या आईबापांचे चेहरे तिला आठवले. त्यांच्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि आताही बोलणार नव्हती. तपासणी पूर्ण व्हायच्या आधी मात्र तिनं कुणाला कधीच काही सांगितलं नव्हतं.

“संपर्क नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “ऐकणं चालू आहे.”

काचेपलीकडे खरातमामांनी कानावरची यंत्रं नीट बसवली आणि मफलर वर ओढला.

बाराला फोन आला. केळुसकरांनी तो घेतला, उभ्यानं ऐकला आणि म्हणाल्या, “प्रवक्त्यांनी जाहीर केलेलं नाही, सर. नियम आहे.” साडेबाराला पुन्हा आला. तेव्हा त्या दोन मिनिटं नुसतंच हो-हो करत राहिल्या. एकला दहा मिनिटं असताना कुणीतरी दार उघडलं आणि मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या.

एक वाजला. काही झालं नाही.

एक वाजून चार मिनिटांनी खरातमामांनी बोट वर केलं.

ऐकू आलं की मुलांनी बोट वर करायचं; ऋजुतानं अशी हजारो बोटं वर होताना बघितली होती. आवाजबंद खोलीत, काचेपलीकडे, लाजत, शंकेनं, आनंदानं. असं कुठलंच नव्हतं.

मग पडद्यावर एक रेघ उठली. बारीक, सरळ, गवताच्या पात्यासारखी. सगळे जण उभे राहिले आणि कुणीही ओरडलं नाही. आठ हजार कोटी किलोमीटर लांबून, छोट्या बल्बाएवढ्या ताकदीनं, ती स्वतःचं नाव सांगत होती. शलाका. शलाका. शलाका. अकरा वर्षं थंडीत निजलेली, समोर कुणी आहे की नाही हे माहीत नसलेली.

नावानंतर तिनं एक ठिपका पाठवला. मुक्कामाला पोचल्यावर तिनं मागे वळून पाहिलं होतं, सूर्याभोवतीचं कडं तिला दिसलं होतं, आणि त्यातला पहिला तुकडा तिनं मोजून दिला होता. पडद्यावर मधोमध तो उमटला. गडद निळा.

केळुसकर तोंडावर हात ठेवून बघत होत्या. “समुद्र,” त्या कुजबुजल्या. “बहुतेक समुद्र आहे.”

ऋजुता त्या ठिपक्याकडे बघत राहिली. दहा किलोमीटरचा तुकडा. तिथे या क्षणी ऊन असेल, वारा असेल. ज्याला कुणी कधी नाव दिलं नाही, ज्याच्या काठावर कुणी उभं राहिलं नाही, असं काहीतरी निळं. मग ती बाबांच्या खुर्चीत बसली.

लाल दिवा लागला. “शलाकेशी संपर्क आहे,” ती म्हणाली. “एक ठिपका आला आहे. निळा.” ‘बहुतेक’ तिनं गाळलं.

थोड्या वेळानं आईचा फोन आला.

“आली का ती?”

“आली.”

“बरी आहे ना?”

“बोलतेय.”

“बरं,” आई म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. “आणि तिला सांगितलंस का, हे गेल्याचं?”

ऋजुतानं बँकेला सांगितलं होतं, पेन्शनच्या कार्यालयाला सांगितलं होतं, गॅसवाल्यालाही. ही एक राहिली होती.

“इतकी वर्षं त्यांच्याच भरवशावर पडली होती ना ती,” आई म्हणाली. “दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा तूच सांग.”

तीनला शलाकेकडे उत्तर जाणार होतं. आज्ञांच्या शेवटी दोन ओळींची जागा असायची. बाबांची सोमवारची वाक्यं तिथूनच जायची. ऋजुतानं आधी मिळालेला निरोप परत म्हटला, कारण त्याशिवाय तो पोचत नाही. ‘शलाका. एक ठिपका. निळा. समजलं.’ मग खाली लिहिलं, ‘कर्नल शितोळे गेले. आता मी आहे, ऋजुता.’

खरातमामांनी ते वाचलं. बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. तिच्याकडे वळून त्यांनी अगदी हळू विचारलं, “ताई, खात्री हाय नव्हं?”

“खात्री आहे, मामा.”

त्यांनी बटण दाबलं.

ती बाहेर माळावर आली. तबकड्या उन्हात स्थिर उभ्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. मेंढ्या पुढे सरकल्या होत्या. ती दोन ओळींची बातमी आता निघाली होती. ग्रहांच्या रांगा एकामागून एक मागे टाकत, जिथे सूर्यही एका ताऱ्याएवढाच दिसतो तिथे जायला. गुरुवारी संध्याकाळी सातला ती पोचणार होती.

ऋजुतानं आयुष्यात पहिल्यांदा, एखादी बातमी सावकाश जात आहे याचं समाधान मानलं. तीन दिवस चार तास. तोवर तिथे बाबा होते.